संहती बदलल्यावर रासायनिक समतोल कुठे आणि किती सरकतो: प्रयोग व गणितासह सविस्तर मार्गदर्शन

सोलापुरात ज्या घरांत नळाच्या पाण्याला बोअरची जोड आहे, तिथे पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या तळाशी आणि हीटरच्या कॉइलवर काही महिन्यांत पांढरा, खरखरीत थर जमतो. हा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात मातीतील हवेचा कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते पाणी काळ्या रानातील चुनखडीच्या खड्यांना थोडेथोडे विरघळवत खाली जाते. आपण ते पाणी उपसून उकळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर निघून जातो आणि विरघळलेली चुनखडी पुन्हा घनरूपात बाहेर पडते. ही संपूर्ण घटना एका ओळीत अशी मांडता येते (आयन म्हणजे विद्युत प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट):

कॅल्शियम आयन + २ बायकार्बोनेट आयन ⇌ कॅल्शियम कार्बोनेट (घन) + कार्बन डायऑक्साइड + पाणी

जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड अधिक असल्यामुळे अभिक्रिया डावीकडे झुकते आणि पातेल्यात तो कमी झाल्यामुळे उजवीकडे झुकते. उकळताना तापमानही बदलते आणि त्याचाही या थरात वाटा असतो, हे खरे आहे. परंतु एकाच घटकाची संहती, म्हणजे ठरावीक आकारमानातील त्याचे प्रमाण, कमी केल्याने अभिक्रियेची दिशा कशी पालटते, हे समजून घेण्यासाठी घरातले याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणि प्रयोगशाळेत हा भाग शिकवणाऱ्या शिक्षकांना दिशा ओळखणे, सरकण्याचे प्रमाण मोजणे आणि ते डोळ्यांनी पडताळणे ही तिन्ही कामे स्वतः करता यावीत, या हेतूने पुढील मांडणी केली आहे.

आधी स्थिरांकाविषयी

समतोल म्हणजे अभिक्रिया थांबणे नव्हे. पुढची आणि मागची अशा दोन्ही अभिक्रिया सतत चालू असतात. त्यांचे वेग सारखे झाल्यामुळे कोणत्याही घटकाची संहती बदलताना दिसत नाही, एवढाच समतोलाचा अर्थ आहे. काटो गुल्डबर्ग आणि पेटर वागे या दोन नॉर्वेजियन अभ्यासकांनी १८६४ मध्ये या समतोलाचा संहतीशी असलेला संबंध नियमाच्या रूपात मांडला. उत्पादितांच्या (तयार होणाऱ्या, उजवीकडच्या पदार्थांच्या) संहतींचा गुणाकार अंशस्थानी आणि अभिक्रियाकारकांच्या (वापरल्या जाणाऱ्या, डावीकडच्या पदार्थांच्या) संहतींचा गुणाकार छेदस्थानी घ्यावा, आणि समीकरणातील गुणक त्या त्या संहतीचा घातांक म्हणून वापरावा. समतोल असताना या अपूर्णांकाचे जे मूल्य मिळते, तो समतोल स्थिरांक होय. त्याला पुढे ‘के’ म्हणू. समतोल असो वा नसो, कोणत्याही क्षणीच्या संहती घालून त्याच अपूर्णांकाचे जे मूल्य मिळते, तो अभिक्रिया भागफल होय. त्याला ‘क्यू’ म्हणू.

तापमान तेच असेल, तर संहती कितीही बदलली तरी ‘के’ बदलत नाही. बदलतो तो ‘क्यू’. या विषयातील बहुतेक चुका हे वाक्य विसरल्यामुळे होतात. आपण काही घातले किंवा काढून घेतले की ‘क्यू’ हा ‘के’पासून दूर जातो, आणि तो पुन्हा ‘के’इतका होईपर्यंत अभिक्रिया एका बाजूला चालत राहते.

आँरी ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये मांडलेले तत्त्व विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात: समतोलात असलेल्या प्रणालीवर बदल लादला, तर तो बदल अंशतः कमी होईल अशा दिशेने समतोल सरकतो. दिशा चटकन सांगण्यासाठी हे तत्त्व उपयोगी आहे. मात्र त्यातला ‘अंशतः’ हा शब्द वर्गात फार वेळा गळून पडतो, आणि मग घातलेला सगळा पदार्थ वापरून संपतो व पूर्वीचीच स्थिती परत येते, असा चुकीचा समज तयार होतो. म्हणून दिशा तत्त्वावरून सांगावी, परंतु निर्णय नेहमी ‘क्यू’ आणि ‘के’ यांच्या तुलनेवरून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी: समीकरण अवस्थांसह लिहावे

समीकरण संतुलित करून प्रत्येक घटकाची अवस्था शेजारी लिहावी. शुद्ध घन आणि शुद्ध द्रव यांची संहती बदलत नाही, म्हणून ते अपूर्णांकात येत नाहीत. पातेल्यात आधीच जमलेल्या चुनखडीत आणखी एक खडा टाकला, तरी समतोल सरकत नाही, याचे कारण हेच. विरल जलीय द्रावणात पाणीही असेच बाहेर राहते. परंतु पुढे येणाऱ्या एस्टरच्या उदाहरणात पाणी हे मिश्रणातील चार घटकांपैकी एक आहे, आणि तिथे ते मोजावेच लागते. पाणी दिसले की ते डोळे मिटून गाळायचे, ही सवय त्यामुळे चांगली नाही.

दुसरी पायरी: नेमके काय घातले गेले ते ओळखावे

फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम थायोसायनेट यांच्या अभिक्रियेने लालभडक रंग येतो. प्रयोगवहीत ही अभिक्रिया पुष्कळदा अशी लिहिली जाते की उजवीकडे फेरिक थायोसायनेटबरोबर पोटॅशियम क्लोराइडही दिसते. मग विद्यार्थी म्हणतो, ‘पोटॅशियम क्लोराइड घातले, ते उजवीकडे आहे, म्हणून समतोल डावीकडे सरकला.’ हा तर्क चुकीच्या समीकरणावर उभा आहे. द्रावणात पोटॅशियम आणि क्लोराइड हे सुटे आयन असतात आणि ते मुख्य अभिक्रियेत भागच घेत नाहीत. ते त्रयस्थ आयन आहेत. खरी अभिक्रिया एवढीच आहे:

फेरिक आयन + थायोसायनेट आयन ⇌ लाल संयुक्त आयन

पोटॅशियम क्लोराइड जास्त प्रमाणात घातल्यावर रंग थोडा फिका झालेला दिसू शकतो. त्याची कारणे वेगळी आहेत. क्लोराइड आयन स्वतः काही फेरिक आयनांशी जोडला जातो, द्रावणातील एकूण आयनांची गर्दी वाढते, आणि क्षार द्रावणाच्या रूपात घातला असेल तर विरलीकरणही होते. निरीक्षण खरे आणि कारण खोटे, अशी नोंद वहीत राहू नये, यासाठी समीकरण नेहमी आयनांच्या रूपात लिहून त्रयस्थ आयन खोडावेत.

तिसरी आणि चौथी पायरी: बदलानंतरचा ‘क्यू’ काढून ‘के’शी तुलना करावी

पदार्थ घातल्याच्या क्षणी, अभिक्रियेला हलण्याची संधी मिळण्याआधी, प्रत्येक घटकाची संहती किती आहे ते लिहावे. द्रावण ओतले असेल, तर एकूण आकारमान वाढल्याने सर्वच संहती कमी झालेल्या असतात, हे विसरू नये. ‘क्यू’ हा ‘के’पेक्षा लहान आला, तर अभिक्रिया उजवीकडे चालेल; मोठा आला, तर डावीकडे; सारखा आला, तर काहीच होणार नाही. अभिक्रियाकारक घातला की छेद मोठा होऊन ‘क्यू’ लहान होतो, उत्पादित काढून घेतला की अंश लहान होऊन तेच घडते. म्हणून या दोन्ही कृतींचा परिणाम एकाच दिशेचा असतो.

नुसते पाणी घालण्याची कृती अनेकांना चकवते. लाल आयनाच्या द्रावणात तितकेच पाणी घातले, तर तिन्ही घटकांची संहती निम्मी होते. अंशस्थानी एकच संहती आहे आणि छेदस्थानी दोन आहेत, त्यामुळे अंश निम्मा आणि छेद पाव होऊन ‘क्यू’ दुप्पट होतो. समतोल डावीकडे सरकतो, म्हणजे रंग केवळ पातळ होत नाही, तर लाल आयनांची एकूण संख्याच घटते.

पाचवी पायरी: किती सरकला ते मोजावे

या पायरीवर थोडे जास्त थांबणे योग्य ठरेल. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवनींत मळीपासून इथेनॉल तयार होते, म्हणून इथेनॉलचेच उदाहरण घेऊ. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल यांच्यापासून इथाइल ॲसेटेट हा एस्टर आणि पाणी तयार होते. मार्सेलँ बर्थेलो आणि त्याच्या सहकाऱ्याने १८६२ च्या सुमारास याच प्रकारच्या अभिक्रियांचा बारकाईने अभ्यास केला, आणि आम्ल व अल्कोहोल समप्रमाणात घेतल्यास साधारण दोन-तृतीयांश आम्लाचेच एस्टर होते, असे त्यांना आढळले. त्यावरून स्थिरांक सुमारे ४ येतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन रेणू असल्याने आकारमान अपूर्णांकातून निघून जाते, म्हणून संहतीऐवजी सरळ मोल, म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक, वापरता येतात.

प्रथम १ मोल आम्ल आणि १ मोल इथेनॉल घेऊ. समतोलापर्यंत क्ष मोल एस्टर झाला, तर पाणीही क्ष, आणि आम्ल व इथेनॉल प्रत्येकी (१ − क्ष) उरले. क्ष चा वर्ग भागिले (१ − क्ष) चा वर्ग बरोबर ४; म्हणून क्ष भागिले (१ − क्ष) बरोबर २, आणि क्ष बरोबर ०.६६७. समतोलात एस्टर ०.६६७, पाणी ०.६६७, आम्ल ०.३३३ आणि इथेनॉल ०.३३३ मोल आहे.

आता या समतोलात आणखी १ मोल इथेनॉल घालू. त्या क्षणी इथेनॉल १.३३३ मोल होते, बाकी तिन्ही घटक तसेच आहेत. ‘क्यू’ = (०.६६७ × ०.६६७) ÷ (०.३३३ × १.३३३) = १. हा ४ पेक्षा लहान आहे, म्हणून अभिक्रिया उजवीकडे चालेल. किती चालेल हे काढण्यासाठी एकूण हिशेब सुरुवातीपासून मांडणे सोयीचे पडते: आम्ल १ आणि इथेनॉल २ मोल घेतले असे समजावे, म्हणजे क्ष चा वर्ग = ४ × (१ − क्ष) × (२ − क्ष). हे सोडवल्यावर ३ क्ष² − १२ क्ष + ८ = ० असे वर्गसमीकरण मिळते, आणि त्याचे अर्थपूर्ण उत्तर क्ष = ०.८४५ येते. दुसरे उत्तर १ पेक्षा मोठे आहे, आणि १ मोल आम्लापासून १ मोलपेक्षा अधिक एस्टर होऊ शकत नाही, म्हणून ते सोडून द्यावे.

या आकड्यांकडे नीट पाहावे. एस्टर ०.६६७ वरून ०.८४५ मोलपर्यंत वाढला, म्हणजे समतोल उजवीकडे सरकला. इथेनॉल मात्र १.३३३ वरून १.१५५ मोलपर्यंतच उतरले. ते पूर्वीच्या ०.३३३ मोलपर्यंत परत गेले नाही. लादलेल्या बदलातला एक लहानसा भाग तेवढा भरून निघाला. ल शातेलिएच्या ‘अंशतः’ या शब्दाचा अर्थ हा आहे, आणि तो आकड्यांत एकदा पाहिला की पुन्हा विसरत नाही.

इथेनॉल आणखी वाढवत नेले, तर फायदा कमी कमी होत जातो. १ मोल आम्लाला १० मोल इथेनॉल दिले, तर क्ष = ०.९७४ येतो. म्हणजे दुसऱ्या मोलने रूपांतर सुमारे १८ टक्क्यांनी वाढवले, आणि त्यानंतरच्या आठ मोलांनी मिळून जेमतेम १३ टक्क्यांची भर घातली. यामुळे उत्पादन वाढवण्यासाठी एखादा अभिक्रियाकारक ओतत राहण्यापेक्षा तयार होणारा एस्टर किंवा पाणी बाहेर काढत राहणे पुष्कळदा अधिक किफायतशीर ठरते. उत्पादित टिकूच दिला नाही, तर ‘क्यू’ ‘के’पर्यंत पोहोचतच नाही आणि अभिक्रिया पुढे चालत राहते. या अभिक्रियेत घातले जाणारे सल्फ्युरिक आम्लाचे थेंब हे उत्प्रेरक आहेत. त्यांनी समतोल लवकर गाठला जातो, पण त्याची जागा बदलत नाही.

सहावी पायरी: पडताळणी करावी

नव्या संहती मूळ अपूर्णांकात घालून ‘के’ परत येतो का, ते पाहावे. वरच्या उदाहरणात ०.८४५ चा वर्ग ०.७१४, आणि ०.१५५ × १.१५५ = ०.१७९, भागाकार जवळजवळ ४ येतो. दोन मिनिटांच्या या कामामुळे उत्तरपत्रिकेतील निम्म्या चुका सापडतात, असा माझा अनुभव आहे.

प्रयोगशाळेत: लाल रंगाच्या चार नळ्या

हा प्रयोग करण्यासाठी क्रोमेट आणि डायक्रोमेट यांच्या पिवळ्या-नारिंगी जोडीचाही पर्याय असतो. परंतु ते क्रोमियम विषारी आहे आणि चाळीस विद्यार्थ्यांनी ते मोरीत ओतणे मला मान्य नाही. थायोसायनेटचा प्रयोग अधिक सौम्य आहे, आणि त्यात रंगाचा फरकही स्पष्ट दिसतो.

साधारण ०.१ मोलर (एका लिटरमध्ये ०.१ मोल) विरल नायट्रिक आम्लात ०.८१ ग्रॅम फेरिक नायट्रेट विरघळवून १ लिटर द्रावण करावे. त्यासाठी नऊ स्फटिकजल असलेले फेरिक नायट्रेट घ्यावे. आम्ल घालणे आवश्यक आहे, कारण नुसत्या पाण्यात फेरिक आयनाचे जलापघटन होऊन पिवळसर तपकिरी रंग येतो आणि तुलना बिघडते. ०.१९ ग्रॅम पोटॅशियम थायोसायनेट १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. ही दोन्ही द्रावणे ०.००२ मोलर झाली. याशिवाय त्याच दोन पदार्थांची ०.२ मोलर द्रावणे थोडी करून ड्रॉपरच्या बाटल्यांत ठेवावीत. १०० मिलीसाठी फेरिक नायट्रेट ८.१ ग्रॅम आणि थायोसायनेट १.९ ग्रॅम लागेल.

विरल द्रावणे प्रत्येकी २५ मिली एकत्र करावीत. नारिंगी-लाल रंग येईल. त्यातील ५ मिली द्रावण एकाच मापाच्या चार परीक्षानळ्यांत घ्यावे. पहिली नळी तुलनेसाठी तशीच ठेवावी. दुसरीत फेरिक नायट्रेटच्या ०.२ मोलर द्रावणाचा एक थेंब, आणि तिसरीत थायोसायनेटच्या ०.२ मोलर द्रावणाचा एक थेंब टाकून हलवावे. दोन्ही नळ्या ठळक गडद होतात. दुसऱ्या नळीचा रंग फेरिकने गडद होतो, म्हणजे मूळ द्रावणात थायोसायनेट शिल्लक होते. तिसरीचा थायोसायनेटने गडद होतो, म्हणजे फेरिकही शिल्लक होते. दोन्ही अभिक्रियाकारक आणि उत्पादित एकाच वेळी हजर असल्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे, आणि माझ्या मते या प्रयोगाचे खरे मोल इथेच आहे.

हिशेबही करून पाहावा. या समतोलाचा स्थिरांक द्रावणातील इतर आयनांवर आणि तापमानावर अवलंबून थोडा बदलतो. गणितासाठी तो १४० धरू. मिश्रणात दोन्ही घटक ०.००१ मोलर असताना लाल आयन सुमारे ०.०००११ मोलर असतो. २० थेंबांचा १ मिली धरल्यास ०.२ मोलर द्रावणाचा एक थेंब ५ मिलीमध्ये ०.००२ मोलरची भर घालतो. त्या क्षणी ‘क्यू’ सुमारे ४३ होतो, आणि नव्या समतोलात लाल आयन सुमारे ०.०००२८ मोलर होतो, म्हणजे एका थेंबाने रंग जवळजवळ अडीचपट गडद होतो.

चौथ्या नळीत ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे. ऑक्झॅलेट फेरिक आयनाला घट्ट धरून ठेवते, सुट्या फेरिक आयनांची संहती घसरते, ‘क्यू’ ‘के’पेक्षा मोठा होतो आणि लाल आयन विघटित होऊन रंग जातो. नंतर याच नळीत फेरिक नायट्रेटचे ०.२ मोलर द्रावण घालत गेल्यास रंग परत येतो. हा शेवटचा टप्पा गाळू नये. रंग गेला तो समतोल सरकल्यामुळे, पदार्थ नष्ट झाल्यामुळे नव्हे, हे त्यावरूनच सिद्ध होते. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, त्यामुळे पिपेट तोंडाने ओढू नये आणि प्रयोगानंतर हात धुवावेत.

आता विरलीकरणाची पडताळणी करावी, आणि त्यासाठी एक साधी युक्ती आहे. उरलेल्या मिश्रणातील ५ मिली पाचव्या नळीत घेऊन त्यात ५ मिली पाणी घालावे, आणि पांढऱ्या कागदावर पहिली व पाचवी नळी शेजारी धरून वरून, तोंडातून तळाकडे पाहावे. रंगाचे तेवढेच आयन दुप्पट उंचीत पसरले असते, तर वरून पाहताना दोन्ही नळ्या सारख्याच गडद दिसल्या असत्या, कारण नजरेच्या वाटेत येणाऱ्या आयनांची संख्या तीच राहते. प्रत्यक्षात पाचवी नळी वरूनही फिकी दिसते. वरच्या आकड्यांनुसार तिच्यात लाल आयनांची एकूण संख्या सुमारे ५६ टक्क्यांवर येते. पाणी घालण्याने समतोल सरकतो, हे यातून कोणत्याही उपकरणाशिवाय दिसते.

एक स्थानिक सूचनाही इथे देणे जरुरीचे आहे. लाल आयन तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढले की रंग फिका होतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. अशा दिवसांत खिडकीतील उन्हात ठेवलेली नळी आणि सावलीतील नळी यांची तुलना करू नये. सर्व नळ्या एकाच पाण्याच्या चंचुपात्रात उभ्या ठेवाव्यात, म्हणजे दिसणारा फरक संहतीचाच असेल.

जिथे पाठ केलेले वाक्य फसते

नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया तयार होण्याच्या अभिक्रियेत नायट्रोजन घातला की अमोनिया वाढेल, असे उत्तर सर्वजण देतात. आकारमान स्थिर असेल, तर ते बरोबर आहे. परंतु दाब स्थिर ठेवला आणि मिश्रणातील निम्म्याहून अधिक रेणू आधीच नायट्रोजनचे असतील, तर आणखी नायट्रोजन घातल्यावर समतोल उलट अमोनियाच्या विघटनाकडे सरकतो. कारण असे की दाब स्थिर राखण्यासाठी आकारमान वाढते, त्यामुळे हायड्रोजन विरल होतो, आणि हायड्रोजनचा घातांक ३ असल्याने छेद त्या विरलतेने झपाट्याने घसरतो. ‘क्यू’ ‘के’च्या वर जातो. तत्त्वावर विसंबणारा इथे चुकतो आणि ‘क्यू’ मांडणारा चुकत नाही.

याचप्रमाणे बंद, स्थिर आकारमानाच्या पात्रात अर्गॉनसारखा निष्क्रिय वायू सोडला, तर एकूण दाब वाढतो, पण अभिक्रियेतील एकाही घटकाची संहती बदलत नाही, म्हणून समतोलही सरकत नाही.

आपल्या शहराच्या चादर आणि टॉवेल व्यवसायाशी जोडलेल्या रंगाईच्या कामातही ही काळजी घ्यावी लागते. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगाने रंगवताना रंगाचे काही रेणू पाण्यात आणि काही धाग्यावर, असा समतोल असतो. तेवढ्याच कापडाला पाणी कमी वापरले, तर रंगाचा मोठा भाग धाग्याकडे जातो; हे संहतीच्या नियमाला धरून आहे. त्यानंतर सोडा घातल्यावर धाग्यावरचा रंग धाग्याशी रासायनिक बंधाने कायमचा जोडला जातो, म्हणजे तो समतोलातून वजा होतो आणि पाण्यातील आणखी रंग धाग्याकडे येतो. मात्र या कामात सुरुवातीला घातले जाणारे मीठ अभिक्रियेच्या समीकरणात कुठेच नाही. धागा आणि रंग या दोघांवरही पाण्यात ऋण प्रभार असतो आणि मीठ त्यांच्यातील अपकर्षण झाकते. त्यामुळे धाग्याची रंग धरण्याची ओढच बदलते. मिठाचा परिणाम ‘संहती वाढवली म्हणून समतोल सरकला’ या वाक्यात बसवणे ही चूक आहे.

घरी करता येण्याजोगे: चुन्याची निवळी

पातेल्यातील थराची कथा छोट्या बाटलीत पुन्हा घडवता येते. पानाच्या दुकानातील चुना एक चमचा घेऊन तो १ लिटर आरओच्या पाण्यात ढवळावा, रात्रभर झाकून ठेवावा आणि वरची स्वच्छ निवळी हलक्या हाताने ओतून घ्यावी. एक भाग निवळीत तीन भाग आरओचे पाणी मिसळावे. हे विरलीकरण महत्त्वाचे आहे: दाट निवळीत कॅल्शियम इतके असते की पुढच्या टप्प्यात तयार होणारा सगळा अवक्षेप विरघळू शकत नाही, आणि ‘दूध पुन्हा निवळत नाही’ अशी तक्रार येते. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये.

दुसऱ्या बाटलीत खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून निघणारा वायू नळीने निवळीत सोडावा. नळीचे टोक सोड्याच्या बाटलीत द्रवाच्या बरेच वर राहील याची खात्री करावी, नाहीतर व्हिनेगर उडून निवळीत येते. काही क्षणांतच निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. वायू सोडत राहिल्यास काही मिनिटांत दुधाळपणा ओसरतो आणि द्रावण पुन्हा स्वच्छ होते: कार्बन डायऑक्साइड वाढल्याने सुरुवातीच्या समीकरणातील समतोल डावीकडे सरकतो आणि घन कार्बोनेट बायकार्बोनेट होऊन विरघळते. श्वास फुंकूनही दूध होते, परंतु उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्केच असल्याने निवळायला फार वेळ लागतो.

आता हे स्वच्छ द्रावण छोट्या पातेल्यात उकळावे. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, द्रावण पुन्हा गढूळ होते, आणि थंड झाल्यावर तळाशी तोच पांढरा थर हाताला लागतो. तो काढण्यासाठी घासत बसण्याची गरज नाही. पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व, घालून ते कोमट करावे. आम्लाचे हायड्रोजन आयन कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांना कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतात, बुडबुडे येतात, आणि हे आयन द्रावणातून सतत नाहीसे होत राहिल्यामुळे घन थर विरघळत जातो. बुडबुडे थांबले आणि तरीही थर शिल्लक असेल, तर आम्ल संपले असे समजून पाणी ओतून द्यावे आणि नवे लिंबूसत्व घालावे.